उतरले की घरी यायचे

आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, सत्यनारायण कुणाकडे, वर्गणीची शेवटची तारीख कुठली आणि कुणी गेलं तर किती वाजता नेणार, हे सगळं त्या एकाच फळ्यावर. आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, पण फळ्यावर येत नाही तोवर बातमी कुणी पक्की धरत नाही. माझं अक्षर बरं, म्हणून गेली बारा-पंधरा वर्षं तो फळा माझ्याकडे आहे. गेल्या श्रावणात दुसऱ्या मजल्यावरचे नाना रात्री दोनच्या सुमारास गेले. पहाटे पाचला मी खडू घेऊन खाली आले. बाहेर पावसाची भुरभुर, जिन्यात ओल्या चपलांचा वास, वरच्या मजल्यावरून दबक्या आवाजातले फोन. नाना बेस्टमध्ये कंडक्टर होते, बत्तीस वर्षं. तेवढ्यावरून मला सुचलं आणि मी लिहिलं, ‘आपल्या सर्वांचे लाडके नाना जीवनप्रवासातील शेवटच्या थांब्यावर उतरले.’

लिहून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं होतं. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या आडून मी स्वतःच्या पाठीवर हळूच एक थाप मारून घेतली होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नानी खाली येत होत्या, दाराशी टांगलेल्या पिशवीतलं दूध घ्यायला. वर माणूस निजवून ठेवलेला आणि ही बाई दुधाला खाली आली, कारण पाच वाजले होते आणि पाचला त्या दुधाला येतात. फळ्याशी थांबल्या. नानी चौथी शिकलेल्या, एकेक शब्द ओठांत पुटपुटत वाचतात. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, उतरले की घरी यायचे ते.”

आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याने पाच रुपये कमी परत दिले तर सांगतात ना, तितक्याच सपाटपणे सांगितलं. मग दुधाच्या दोन्ही पिशव्या घेऊन वर गेल्या.

मी फळा पुसला आणि लिहिलं, ‘दुसऱ्या मजल्यावरचे नाना काल रात्री गेले. सकाळी साडेअकराला नेतील.’ ओल्या फडक्याने पुसला की फळा काळाभोर दिसतो, पण वाळला की पुसलेली अक्षरं फिकट पांढरी होऊन पुन्हा वर येतात. येणारा-जाणारा नवी ओळ वाचत होता आणि तिच्या मागे मला दिवसभर ‘उतरले’ दिसत होतं.

प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर शेवटचा थांबा म्हणजे संपलं. मी आयुष्यभर प्रवासीच, त्यामुळे मला दुसरी बाजू सुचलीच नाही. नानींनी बत्तीस वर्षं ती दुसऱ्या बाजूने पाहिली होती. दुपारपाळी असली की रात्री साडेअकरा-बाराला नाना यायचे. आम्ही मुलं गॅलरीत झोपायचो, तेव्हा अर्धवट झोपेत ते ऐकू यायचं. जिन्यात बुटांचा आवाज, मग तिकिटांची पत्र्याची पेटी टेबलावर ठेवल्याचा, मग मोरीत पाण्याचा. दिवसभर नाणी मोजून त्यांची बोटं काळी पडलेली असायची आणि ती धुवायला त्यांना बराच वेळ लागायचा. मग स्टोव्ह पेटायचा. आमटी गरम झाल्याचा वास गॅलरीभर. म्हणजे ‘उतरले’ या एका क्रियापदात नानींच्या कानात बूट, पत्र्याची पेटी, साबण, आमटी एवढं सगळं भरलेलं होतं, आणि मी ते उचलून मरणावर ठेवून दिलं होतं. माणूस वर थंड पडलाय आणि फळा म्हणतोय, आले बरं का, वाढा.

शाळेत आम्हाला अलंकार शिकवले ते गणितासारखे. उपमेय कुठलं, उपमान कुठलं, साधारण धर्म कोणता, साधर्म्यवाचक शब्द कुठला. ‘सारखा’, ‘जसा’, ‘सम’, ‘परी’ आलं की उपमा, ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आलं की उत्प्रेक्षा. अधोरेखित करा, मार्क घ्या. मला पैकीच्या पैकी पडायचे. बाई मन लावून शिकवायच्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण त्या दहा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की चंद्राऐवजी दुसरं काही ठेवलं असतं तर त्या कवितेचा सूर काय झाला असता. अलंकार या शब्दाचीच ती गोम असावी. कविता आधी तयार होते आणि मग तिच्या गळ्यात ठुशी घालतात, अशी माझी समजूत झाली ती झालीच. फळ्यावर मी नेमकं तेच करायला गेले होते. बातमीला ठुशी.

बहिणाबाईंचं ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ मी वर्गात घडाघडा म्हणून दाखवलं होतं. आमच्या काळाचौकीत ढोर म्हणजे देवळाबाहेर बांधलेली गाय. शेजारी बसलेल्या बाईकडून गवताची पेंढी विकत घ्यायची, गाईपुढे टाकायची, नमस्कार करायचा. ती गाय कधी जागची हलल्याचं मला आठवत नाही. तसं मन म्हणजे काय ते मला कळेना. मन अतिशय चंचल असते, असं उत्तर लिहून मी मोकळी झाले. पुढे लग्नानंतर चोपड्याकडे एका नातलगांच्या शेतावर गेले होते. संध्याकाळी एक गाय उभ्या ज्वारीत घुसली आणि घरातल्या आजी हातातलं सूप टाकून काठी घेऊन धावल्या. शिव्या देत होत्या, हाकत होत्या, ती इकडून बाहेर काढली की तिकडून आत. पण काठी काही तिच्या अंगाला लागत नव्हती. वैताग होता, दुष्मनी नव्हती. घरचंच ढोर. ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ ही ओळ तेव्हा पहिल्यांदा मला त्या आवाजात ऐकू आली. त्याच कवितेत पुढे मन पाखरूही होतं आणि जहरीही, इतकं की त्याच्यापेक्षा विंचू-साप बरा, त्याला उतारा तरी असतो. प्राणी बदलला की बाईचा आवाज बदलतो. ढोरावर ओरडणारी बाई सापाचं नाव काढताना दबकी होते. हे मला चाळिशीत कळलं, आणि मार्क मात्र चौदाव्या वर्षीच मिळून गेले होते.

कॉलेजात मर्ढेकर आले. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण.’ सर म्हणाले, महायुद्धानंतरचा माणूस, यंत्रयुग, वैफल्य. वर्ग माना डोलावत लिहून घेत होता. मी आणि माझी चाळीतली मैत्रीण एकमेकींकडे पाहायचं टाळत होतो, कारण आमच्याकडे उंदीर पिंपातच मरायचे. रात्री पिंजऱ्यात सापडला की सकाळी मोरीत पाण्याचं पिंप किंवा बादली भरायची आणि पिंजरा त्यात बुडवायचा. माझे वडील ते काम करताना तोंड दुसरीकडे करत. बुडबुडे यायचे, मग यायचे थांबायचे. माना खरंच मुरगळल्याविना पडतात. त्यामुळे मला ती कविता कसलंही प्रतीक म्हणून वाचता येईना, आणि नंतर वाटलं की ती तशीच वाचायला हवी. तिच्या सुरुवातीला ‘जणू’ नाही. अमुक हे उंदरासारखं, असं कवी म्हणतच नाही. नुसते उंदीर दाखवतो, तेही चमत्कारिक जागी शब्द ठेवून. ‘ओल्या’ हे विशेषण पिपाचं, पण ते येऊन पडतं उंदरांच्या अंगाशी, आणि ते ओले अंग वाचणाऱ्याच्या हाताला लागतं. मग मध्येच, काहीही न जोडता, ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे.’ इथे उंदराबद्दल चाललंय की आपल्याबद्दल, ते सांगायला कुणी थांबत नाही. ‘जणू’ असतं तर निदान धरायला एक कठडा असता.

तो कठडा त्याच कवीने दुसरीकडे बांधून ठेवला आहे. ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने बंदर मुंबापुरीचे उजळित येई माघामधली प्रभात सुंदर.’ परीक्षेपुरती पाठ केलेली ही ओळ मला खरी भेटली ती हार्बर लाइनवर. कॉटन ग्रीनला गाडी पकडायची, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मशीद, सीएसएमटी. डॉकयार्ड रोडला गाडी उंचावरून जाते आणि डाव्या हाताला घरांच्या, गोदामांच्या फटींतून क्रेनच्या माना दिसतात. थंडीत, म्हणजे मुंबईत जिला थंडी म्हणतात त्या दोन-तीन आठवड्यांत, सकाळी तिथे एक दुधट उजेड असतो. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांचं बंदर आणि माझ्या खिडकीतलं बंदर एक नाही. पण मी आठवा महिना पोटात घेऊन त्या गाडीने ऑफिसला जात होते आणि लेडीज डब्यात एका बाईने उठून खिडकीची जागा दिली होती. केस ओले होते, सकाळी न्हाऊन निघाले होते. खिडकीतून गार वारा आला आणि ती ओळ आपसूक आठवली. हसू आलं. आपण शहरासारखे दिसतोय, असं वाटण्याची वेळ आयुष्यात कितीदा येते?

घरी येऊन कविता पुन्हा काढली. ‘डोकीं अलगद घरें उचलती काळोखाच्या उशीवरूनी’, ‘सागरपक्षी सूर्य वेचती’, सगळं हलक्या हाताने ठेवलेलं, झोपलेल्याला जाग येऊ नये असं. आणि शेवटाकडे ‘ह्या सृष्टीच्या निवांत पोटी’ अजस्र धांदल लपलेली आहे, असं येतं. पोटी! पहिल्या ओळीत एक गर्भवती न्हाऊन उभी केली, मग कितीतरी ओळी तिचं नावही काढलं नाही, आणि शेवटी त्या पोटात दिवस लपवला. पहिल्या उपमानाची ऊब सगळ्या कवितेखालून वाहत होती आणि मला पत्ताच नव्हता. पुढे कधीतरी हेही लक्षात आलं की उंदरांची कविता संपते ती ‘पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!’ अशी. तेच न्हाणं. एकीकडे न्हालेली बाई, दुसरीकडे न्हालेले उंदीर. एकाच कवीने एकच क्रियापद दोन जागी ठेवलं, एकीकडे अंगावरून गार वारा जातो आणि दुसरीकडे मोरीतला बुडबुडा थांबतो. मी फळ्यावर एका क्रियापदाशी केलेला उद्योग आठवून मला या जागी दरवेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं.

खरं तर ‘गेले’ हीसुद्धा उपमाच आहे, झिजून गुळगुळीत झालेली. मराठीत मरणाला सरळ नाव घेऊन फारसं कुणी हाक मारत नाही. कुणी देवाघरी जातं, कुणी कैलासवासी होतं, कुणी अनंतात विलीन. पुढारी काळाच्या पडद्याआड जातात, तरुण पोरावर काळ घाला घालतो. नाक्यावरच्या पोरांच्या तोंडी कुणी टपकतो, कुणी ढगात जातो, कुणाची विकेट पडते. मेलेला माणूस तोच असतो, पण ‘विकेट पडली’ म्हणणारा आणि ‘प्राणज्योत मालवली’ म्हणणारा एका खोलीत शेजारी बसू शकणार नाहीत. आमच्या गल्लीत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागला की त्यावर ज्योत, कमळ आणि उडणारं पाखरू असतंच. त्याच्या बाजूला वाढदिवसाचा फ्लेक्स, तिथेही कमळ. मी हसते त्याला, आणि मग आठवतं की माझा ‘शेवटचा थांबा’ त्याच दुकानातला होता.

स्वतः नाना उपमा देत नसत. २६ जुलैची त्यांची गोष्ट चाळीतल्या प्रत्येकाने दहा वेळा ऐकली आहे. २००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पेपरवाल्यांचं आभाळ फाटलं, मुंबईची तुंबई झाली. नानांची बस कुर्ल्याला एलबीएस रोडवर अडकली होती. ते सांगत, “पाणी पहिल्या पायरीला आलं. मग दुसऱ्या पायरीला आलं. मग मी पैशाची पिशवी गळ्यात अडकवली.” एवढंच. इथे गोष्टीत एक पॉज असायचा, आणि त्या पॉजमध्ये आम्हा सगळ्यांच्या पायाशी पाणी यायचं. बसला पायऱ्या किती ते प्रत्येकाला माहीत होतं. रात्रभर प्रवासी सीटवर पाय वर घेऊन बसले, पोरांना रॅकवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर नाना उतरले आणि कुर्ल्याहून काळाचौकीपर्यंत चालत आले. नानी सकाळपासून गॅलरीत उभ्या होत्या. फळ्यावरची ती ओळ मी लिहिली तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. तरीही सुचलं ते थांब्याचंच.

बाराव्याच्या आदल्या रात्री चाळीचं भजनी मंडळ बसलं. पेटी जुनी, एक सूर दाबला की दुसराही कण्हतो. तुकोबांचा अभंग निघाला, ‘कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे.’ तोवर नानी रडल्या नव्हत्या. बायका त्यांना रडवायचा प्रयत्न करून दमल्या होत्या, रडली नाही तर छातीत साठतं म्हणून. या ओळीला त्यांनी पदर तोंडाशी नेला. मी शेजारी बसून तो अभंग पहिल्यांदाच नीट ऐकत होते. सासरी जाणारी मुलगी, चुकलेलं लेकरू, पाण्याबाहेरची मासोळी. देवाच्या भेटीची एकच तळमळ, पण तीन पायऱ्यांनी. मुलगी मागे वळून पाहते, तरी तिला पुढे एक घर आहे, वर्षाने का होईना माहेर आहे. लेकरू हुरुहुरु पाहतंय, त्याला आई सापडेलही. मासोळीला मात्र काही क्षणच आहेत. तुकोबा कुठेही आवाज चढवत नाहीत, नुसता वेळ कमी कमी करत नेतात. ‘जीवनावेगळी मासोळी’ला पेटीवाल्यांनीही लय सावकाश केली. जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे जगणं, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

भजन आटपल्यावर मी नानींना चहा नेऊन दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तुम्हाला तुमचं लग्न आठवलं असेल. त्या म्हणाल्या, “मी कुठे पाहिलं मागे? संगमेश्वरहून एसटीत बसले, मागची काच लाल मातीने भरलेली. काही दिसत नव्हतं.” चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं, चमच्याने काढून खाल्लं. मला वाटलं होतं, त्या ओळीत त्यांना त्यांचं चित्र दिसलं असेल. त्यांना दिसली ती काच. कवीने वळून पाहायला सांगितलं आणि यांना पन्नास वर्षांनी कळलं की आपलं वळून पाहायचं राहिलंच. किंवा असं काहीच नसेल, हे माझंच. उपमांच्या मागे लागलं की असं होतं. दुसऱ्याच्या रडण्यातही आपण उपमेय-उपमान अधोरेखित करायला बसतो.

या वर्षी मेमध्ये पाइपलाइनचं काम निघालं. फळा धुऊन मी लिहिलं, ‘गुरुवारी सकाळी १० ते शुक्रवारी सकाळी १० पाणी येणार नाही. भरून ठेवावे.’ तारीख टाकत होते, तेवढ्यात नानी दुधाला आल्या. आता एकच पिशवी घेतात, अर्ध्या लिटरची. फळ्याशी थांबल्या, नेहमीसारखं एकेक शब्द पुटपुटत वाचलं. मी खडू हातात धरून उभी, परीक्षेला बसल्यासारखी.

“भरून ठेवावे,” त्या पुन्हा एकदा म्हणाल्या. मग पिशवीचं पाणी निथळून घेतलं. “हे बरं लिहिलंस,” म्हणाल्या, आणि कठडा धरत वर गेल्या.